शब्दांचा तास : पडद्यामागचे स्त्रीलिंग

बालमित्रांनो, 'लिंग बदला' हा प्रश्न तुम्ही पटापट सोडवता. नट–नटी, गायक–गायिका. आता 'छायाचित्रकार' आणि 'संकलक' यांचे स्त्रीलिंग सांगा बरे! आईबाबांनाही चटकन सुचणार नाही.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. ते काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पण पडद्यामागे एक स्त्री आधीपासूनच होती! फिल्मच्या कडांना भोके पाडणे, ती धुणे ही कामे फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. (शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक!) आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत त्या तंत्रज्ञ होत्या. हा शब्दही पाहा, पुल्लिंगीच वाटतो.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांना 'परिंदा'च्या (१९८९) संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शनाचे ऑस्कर १९२९ पासून देतात. स्त्रीला ते प्रथम मिळाले २०१० साली, कॅथरिन बिगेलो यांना.

गृहपाठ : या आठवड्यात सिनेमा पाहाल, तेव्हा शेवटची नावे संपेपर्यंत टीव्ही बंद करू नका. छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांत बायकांची नावे किती, ते वहीत लिहून आणा. 'संकलिका' शब्द कानाला कसा वाटतो, तेही सांगा.