आधी टीव्ही शोधा, मग मशीन

जुन्या व्हिडिओ गेमचं वेड लागलं की माणूस आधी मशीन घेतो, मग चार गेम जमवतो. टीव्ही काय, घरात आहेच. मी हा उद्योग बरीच वर्षं करतोय, त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक आपापली यंत्रं घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या पुष्कळांची तक्रार एकच असते: "चित्र किती घाण दिसतंय हो. लहानपणी असं दिसत नव्हतं." खरंच दिसत नव्हतं. आठवणीने फसवलेलं नाही, टीव्ही बदललाय.

ही रड सगळ्याच जुन्या गेमची नाही. जास्त करून १९९३ ते १९९८ या सांध्यावरच्या गेमची आहे, आणि माझा जीव नेमका त्यांच्यातच अडकलाय. त्याआधी जवळपास सगळा कारभार स्प्राइटचा. माणूस, भिंत, स्फोट, सगळी चित्रं कलाकाराने ठिपका ठिपका बसवून काढलेली, यंत्राने ती फक्त पडद्यावर हलवायची. आपल्याकडच्या पार्लरमध्ये पोरं ज्याला 'मुस्तफा' म्हणायची तो कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' याच जातीचा, १९९३चा. त्याच वर्षी सेगाचा 'व्हर्च्युआ फायटर' आला आणि त्यातले पैलवान कुणी चित्रात काढलेलेच नव्हते. चपटे तुकडे जोडून केलेल्या त्या बाहुल्या यंत्र क्षणोक्षणी नव्याने रंगवत होतं. हे झाले पॉलिगॉन. घरगुती यंत्रांना ते गणित झेपत नव्हतं, म्हणून निनटेंडोच्या 'स्टार फॉक्स'च्या कॅसेटमध्येच सुपर एफएक्स नावाची जादा चिप बसवावी लागली. नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानात सेगा सॅटर्न आलं, पुढच्याच महिन्यात सोनीचं प्लेस्टेशन, आणि पुढची काही वर्षं दोन्ही विद्या एकाच पडद्यावर नांदल्या. 'मारिओ कार्ट ६४'मध्ये रस्ता पॉलिगॉनचा आणि गाडीवाले स्प्राइटचे. 'फायनल फँटसी ७'मध्ये माणसं पॉलिगॉनची, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्यामागची गल्ली आधीच तयार करून ठेवलेलं सपाट चित्र.

अशा गेमचं चित्र पुरं व्हायचं ते काचेच्या ट्यूबवर. सर्वसाधारणपणे २४० ओळी, प्लेस्टेशनकडे रंगही मोजके. मधली छटा हवी असेल तर दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडायचे. सॅटर्नला पारदर्शकपणा नीट जमायचा नाही, म्हणून धूर किंवा सावली दाखवायला जाळी टाकायची, एक ठिपका भरलेला, एक रिकामा. पिवळ्या पिनच्या केबलमधून ट्यूबवाल्या टीव्हीवर ही जाळी विरघळून जायची आणि धूर धुरासारखा दिसायचा. आजच्या सपाट टीव्हीवर तो मच्छरदाणीसारखा दिसतो. शिवाय बरेचसे नवे टीव्ही २४० ओळींच्या सिग्नलला दुसराच प्रकार समजून त्याची मोडतोड करतात, चौकोनी चित्र ताणून रुंद करतात आणि बटण दाबल्यावर उडी क्षणभर उशिरा दाखवतात. 'टाइम क्रायसिस'ची बंदूक तर त्यांच्यावर चालतच नाही. ट्यूबमधला किरण आत्ता पडद्यावर कुठे आहे यावरून ती नेम ओळखते, आणि इथे किरणच नाही.

म्हणून पहिला खर्च टीव्हीचा. खर्च तरी कसला, भंगारवाल्याकडे किंवा एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावर एकवीस इंची डबा अजून सापडतो. घेण्याआधी तीन पिनची एव्ही केबल लावून बघा. जपानी किंवा अमेरिकन यंत्र लावणार असाल तर टीव्ही तिकडचा एनटीएससी सिग्नल घेतो का हे तपासा, नाहीतर चित्र काळं-पांढरं येईल किंवा वरखाली पळत राहील. उचलायला दोघं लागतात, काचेची बाजू छातीकडे धरायची. आणि मागचं झाकण कुणी कितीही सांगितलं तरी उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचं. घरात डब्याला जागाच नसेल तर ओएसएससी किंवा रेट्रोटिंक यांसारखा, २४० ओळी ओळखणारा कन्व्हर्टर घ्या. बाजारात मिळणारी स्वस्तातली एव्ही-टू-एचडीएमआय डबी बहुधा टीव्हीचीच चूक टीव्हीच्या आधी करते.

आता वीज. माझ्या मेहुण्याच्या मित्राने जपानहून पहिल्या पिढीचं प्लेस्टेशन आणलं. मेहुण्याने ते ताब्यात घेतलं आणि घरून फोन केला: "भाऊजी, वायर तर आपल्या टेपरेकॉर्डरचीच बसतेय. लावू का?" मी "थांब" म्हणेपर्यंत फट्ट असा आवाज फोनवर ऐकू आला. वायर बसणारच होती. मागचं इंग्रजी आठच्या आकाराचं भोक जगभर एकच. पण जपानी वीज १०० व्होल्टची आणि आपली २३०ची. आपली वीज आत शिरून डीसी झाली की सव्वातीनशे व्होल्टच्या घरात जाते, आणि आतला मोठा कपॅसिटर त्याच्या निम्म्या दाबाच्या हिशेबाने बसवलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही ते पुण्यात तपकीर गल्लीत नेलं. कारागिराने पॉवर सप्लायचा बोर्ड बाहेर काढून दाखवला: फ्यूज काळा पडलेला, कपॅसिटरचं टोपण फुगून फाटलेलं, भोवती तपकिरी चिकटा आणि कुजक्या माशासारखा वास. मुख्य बोर्ड वाचला होता हे नशीब. यंत्राच्या पाठीवर किंवा पोटावर व्होल्टेज छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय स्विच दाबू नका. १०० लिहिलं असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर, आणि तोही १०० व्होल्ट देणारा मागून घ्यायचा. दुकानदार ११०चा पुढे करतात.

सुरुवातीच्या प्लेस्टेशनला आणखी एक खोड आहे. लेन्स ज्या प्लास्टिकच्या गाड्यावर सरकते तो घासून झिजतो, आणि शेजारीच पॉवर सप्लायची धग. त्या काळी लोक यंत्र उलटं करून किंवा कडेवर उभं टेकवून खेळायचे ते याचमुळे. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. मला एकाने 'एकदम चालू कंडिशन' म्हणून फोटो पाठवला, त्यात पांढऱ्या पडद्यावर सोनीचं चिन्ह. तो पडदा सीडी न घालताही येतो, यंत्राच्या पोटात साठवलेला असतो. सीडी वाचली गेली तर त्यानंतर काळा पडदा येतो, त्यावर रंगीत पीएस. तेव्हा मागायचं ते या काळ्या पडद्याचं आणि त्याच्यापुढचं. एखाद्या गेमची सुरुवातीची फिल्म न अडखळता शेवटपर्यंत चालतानाचा सलग व्हिडिओ मागा. लेन्स थकलेली असेल तर ती तिथेच उघडी पडते, कारण फिल्म चालू असताना सीडी सतत वाचावी लागते. व्हिडिओ पाठवायला जो टाळाटाळ करेल त्याच्याशी पुढे बोलू नका. जुन्या यंत्रासोबत फुकट मिळणाऱ्या, मॉडचिप बसवलेल्या यंत्रावरच चालणाऱ्या, रायटरने उतरवलेल्या नकली सीडींवरून काहीच ठरवू नका. त्या स्वतःच बाद झालेल्या असतात आणि दोष लेन्सच्या माथी येतो.

सेव्हचं थोडक्यात. सॅटर्नची आतली मेमरी सीआर २०३२ या नाणेछाप सेलवर जगते. सेल मेला की सेव्ह गेले, आणि दर वेळी चालू करताना यंत्र तारीख विचारत बसतं. सेकंडहँड घेतलंत की सेल आधी बदला. प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डला सेल लागत नाही, ती काळजी नाही.

"एवढं कशाला? कॉम्प्युटरवर इम्युलेटर आहे की," असं तरुण मंडळी म्हणतात. आहे, आणि मीही वापरतो. फक्त त्यातलं 'रिझोल्यूशन वाढवा' हे बटण जपून वापरा. प्लेस्टेशनला अपूर्णांक धड पेलत नव्हते, म्हणून पॉलिगॉनचे कोपरे थरथरायचे. या बटणाने कडा कातीव होतात, आणि काही इम्युलेटर वेगळ्या सोयीने ती थरथरही घालवतात. निव्वळ पॉलिगॉनच्या गेमला हे शोभतं. 'फायनल फँटसी ७'ला नाही: बाहुल्या लखलखीत आणि मागची गल्ली तशीच धुरकट, त्यामुळे माणसं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसतात. मूळ रिझोल्यूशनवर दोन्ही सारखेच अंधुक होते, म्हणून एका जगातले वाटायचे. मिश्र जातीचा गेम असेल तर रिझोल्यूशनला हात लावू नका. वाटल्यास ट्यूबचा आभास देणारा फिल्टर लावा.

मग सॅटर्न घ्यायचं की प्लेस्टेशन? हा वाद मी भरल्या पंगतीत घालतो, आणि माझं मत पक्षपाती आहे. पॉलिगॉन हवे असतील तर प्लेस्टेशन, डोळे मिटून. पण स्प्राइटवर जीव असेल, मुस्तफा खेळत मोठे झाला असाल, तर जपानी सॅटर्न घ्या. त्याच्या मागच्या खाचेत ४ एमबीची रॅम कॅसेट घातली की 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'मध्ये लढता लढता जोडीदार बदलता येतो. तोच गेम प्लेस्टेशनवर आणताना मेमरी पुरेना, म्हणून ती अदलाबदलच छाटावी लागली. प्लेस्टेशनकडे १९९७चा 'सिम्फनी ऑफ द नाइट' आहे, आणि तो मुख्यतः स्प्राइटचा असून अजूनही देखणा आहे हे सॅटर्नवाल्यांनाही मान्य करावं लागतं. सॅटर्नची ती खाच मात्र कुप्रसिद्ध आहे. कॅसेट सारखी काढ-घाल केली की पकड ढिली होते आणि यंत्राला कॅसेट दिसेनाशी होते. तेव्हा तिच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एकदाच नीट बसवा आणि तिथेच राहू द्या.