बोर्ड बदलायचा ठरवण्याआधी

पंखे फिरतात, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही. असा जुना डेस्कटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला की बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येतं : ‘बोर्ड गेलाय.’ कधी ते खरं असतं. कधी दोष रॅमच्या मळलेल्या कडेत असतो किंवा दमलेल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात. पण ते तपासायला वेळ मोडतो, आणि तपासणीचे पैसे सहसा कुणी देत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरचा संगणक २०१३ साली जोडून घेतलेला. एच६१ चिपसेटचा बोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, डीडीआर-३ रॅम. रॅमची कडा खोडरबराने घासून झाली, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलून झाला, दुसरा एसएमपीएस लावून झाला. मग प्रोसेसरशेजारचे दोन कॅपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसले. हा रोग जुना आहे. २००३ च्या सुमाराच्या डेलच्या ऑप्टिप्लेक्स संगणकांत असेच कॅपॅसिटर फुगत, गळत. त्या दुरुस्त्यांपायी कंपनीला २००५ मध्ये तीस कोटी डॉलरची तरतूद करावी लागली होती. चांगला कारागीर कॅपॅसिटर बदलूनही देतो, आणि आधी तोच शोधावा. या वेळी मात्र बोर्डावरचा कॅपॅसिटरखालचा भागही जळालेला होता.

‘नवीन बोर्ड टाकू, बाकी सगळं तेच राहील,’ हे वाक्य दुकानात फार सहज उच्चारलं जातं. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर ११५५ सॉकेटमध्ये बसतात. २०१३ मध्ये सॉकेट ११५० आलं, २०१५ मध्ये ११५१. त्यातही गंमत अशी, की २०१७ चे आठव्या पिढीचे प्रोसेसर ११५१ मध्येच बसतात, पण आधीच्या ११५१ बोर्डांवर चालत नाहीत. डीडीआर-३ रॅमला २४० पिना, डीडीआर-४ ला २८८. खाचही वेगळ्या जागी. म्हणजे आजचा बोर्ड घेतला की प्रोसेसर आणि रॅमही घ्यावी लागते, आणि ‘बोर्ड बदलला’ म्हणता म्हणता अर्धा संगणक विकत घेतलेला असतो.

जुन्याच सॉकेटचा बोर्ड मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वापरलेले आणि कमी नावाच्या कंपन्यांचे नवे, असे दोन्ही असतात. घेताना बायोस कोणत्या तारखेचा आहे, ते विचारावं. २०११ चा जुना बायोस असलेल्या एच६१ बोर्डावर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर सुरूच होत नाही आणि ग्राहकाला वाटतं, हाही बोर्ड बिघडलेला निघाला. ब्रँडेड संगणकांचं दुखणं निराळं. त्यांतल्या अनेकांची वीजजोडणी आणि कॅबिनेट त्यांच्यापुरतंच बनवलेलं असतं. तिथे त्याच मॉडेलचा बोर्ड शोधणं शहाणपणाचं.

अखेर जुन्याच सॉकेटचा बोर्ड घेतला. खरा घोळ झाला तो बसवताना. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. दुकानातल्या मुलाने प्रोसेसर तिरका टेकवला. संगणक सुरू झाला, पण रॅमचा एक स्लॉट मेलेला. भिंगाखाली दोन पिना वाकलेल्या दिसल्या. दुकानदाराचं उत्तर तयार होतं : ‘बोर्ड असाच आला होता.’ वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत बसत नाहीत. म्हणून सॉकेटवरचं झाकण आपल्यासमोर काढायला लावावं आणि प्रोसेसर बसण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुकानदार जरा नाराज होतो, होऊ द्यावं.

कॅबिनेटमधला पितळी टेकू बोर्डावर भोक नसलेल्या जागी राहून गेला, तर शॉर्ट होऊ शकतं. प्रोसेसरची चार पिनांची वेगळी वायर जोडायची राहिली, तर पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही.

सॉफ्टवेअरकडे तर कुणाचं लक्षच नसतं. संगणकासोबत आलेला विंडोजचा ओईएम परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो. सुटा विकत घेतलेला परवाना मात्र नव्या बोर्डावर नेता येतो. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी. बायोसमध्ये साटा आयडीईवर होतं की एएचसीआयवर, तेही बघून ठेवावं. ते बदललं की जुनं विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकतं. डीटीपीवाल्यांनी आणखी एक पाहावं : जुन्या सॉफ्टवेअरचं डाँगल प्रिंटरच्या समांतर पोर्टमध्ये लागत असेल, तर नव्या बोर्डाला तो पोर्ट आहे का?

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. त्यामुळे बँकेचे व्यवहार ज्यावर करायचे, त्या संगणकात आता ११५५ चा बोर्ड घालू नये. इंटरनेटविना पत्रिका जुळवायला किंवा हिशेब लिहायला तो अजून चालेल. आणि काहीही ठरो, संगणक दुकानात देण्याआधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. बोर्ड तपासायला ती लागत नाही.