पंपाची भीती, गोळीचा भरवसा

दम्यात श्वासनलिकांमध्ये दोन गोष्टी घडतात. नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि आतले अस्तर सुजून चिकट कफ सुटतो. म्हणून औषधेही मुख्यतः दोन जातींची: स्नायू सैल करणारी आणि सूज उतरवणारी. पहिलीचा गुण काही मिनिटांत कळतो. दुसरीचा कळायला काही दिवस, कधी आठवडे जातात. वालचंद हिराचंदांनी कळंबजवळ वसवलेल्या वालचंदनगरच्या परिसरात ऊसतोड सुरू झाली, पहाटेचा गारठा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर एकत्र आला, की दमेकऱ्यांची घरघर वाढते. बरेच जण तेव्हा पहिल्या जातीच्या औषधावरच भागवतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

सल्ब्युटॅमॉल हे त्यातले घरोघरी माहीत असलेले औषध. त्याचा असर ४ ते ६ तास टिकतो. हात थरथरतात, छातीत धडधडते, क्वचित पायात गोळे येतात. हे सारे थोड्या वेळात ओसरते. खरा धोका वेगळा आहे. दम सुटतो, पण सूज जागेवर राहते. २०० फवाऱ्यांचे तीन पंप वर्षाच्या आत संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही असे समजावे. ‘जिना’ या जागतिक दमा-मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या सल्ब्युटॅमॉलवर ठेवू नये, असा सल्ला दिला आहे.

‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ हे पारावरचे मत आकड्यांपुढे टिकत नाही. सल्ब्युटॅमॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याचीच गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस पट. गोळी रक्तातून अंगभर फिरते, फवारा थेट छातीत उतरतो. ब्युडेसोनाइडसारखे सूज उतरवणारे, ओढून घ्यायचे स्टेरॉइडही मायक्रोग्रॅममध्येच असते. त्याने तोंडात पांढरे चट्टे येतात किंवा आवाज बसतो. दर वेळी गुळण्या करून पाणी थुंकले आणि पंपाला स्पेसर, म्हणजे तोंड आणि पंप यांमधली पोकळ नळी, जोडली, की बहुतेक त्रास टळतो. मुलांची उंची साधारण एखाद्या सेंटिमीटरने कमी राहू शकते, पण न आवरलेला दमाही वाढ खुंटवतो. रोटाहेलरची कॅप्सूल मात्र पाण्याबरोबर गिळणारे लोक अजून भेटतात. ती यंत्रात घालून, आतली पूड ओढून घ्यायची असते.

थिओफायलीन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली डेरिफायलीनच्या जातीची गोळी, स्वस्त आणि जुनी. तिच्या गुणकारी आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडे. प्रस्तुत लेखकाला हे अंगावर निभावून कळले. ही गोळी चालू असताना जुलाबासाठी दुसऱ्या दवाखान्यातून सिप्रोफ्लॉक्सॅसिन मिळाले. आधीची औषधे कोणी विचारली नाहीत. दुसऱ्या दिवशी मळमळ, उलट्या, हाताला कंप, आणि नाडी इतकी जलद की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा एरिथ्रोमायसिन घेतल्यास थिओफायलीन शरीराबाहेर पडायला वेळ लागतो आणि रक्तात साठते; फार वाढले तर झटकेही येतात.

मॉन्टेलुकास्टची गोळी सौम्य समजली जाते. तरी वाईट स्वप्ने, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला. मुलाचा स्वभाव अचानक बदलला, तर या गोळीची आठवण ठेवावी.

प्रेडनिसोलोन तीव्र झटक्यात जीव वाचवते, पण ते मोजके दिवस घ्यायचे औषध आहे. महिनोन्‌महिने घेतल्यास चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. आणि ते एकदम बंद करणेही घातक ठरते. नाव नसलेल्या पुडीने दोन दिवसांत दमा पळाला, तर तीत स्टेरॉइड मिसळले असल्याची शंका घ्यावी.

चालू औषधांची पाकिटे प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवावीत. काही वेदनाशामके आणि प्रोप्रॅनोलॉलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या दमा उसळवतात, म्हणून औषधाच्या दुकानातही दमा असल्याचे आधी सांगावे. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर सकाळची वाट न पाहता, वाटेत पंप ओढत, रुग्णालय गाठावे.