गुडघा दुखतो, खांदा वर जात नाही. मग वजन उचलायचं कसं?

(छत्रपती संभाजीनगर, सिडकोतलं एक घर. मावशीचं वय ५४. साखरेची गोळी दोन वेळा, बीपीची एक. उजव्या गुडघ्याची झीज एक्स-रेत दिसलेली, डावा खांदा आखडलेला. भाची फिजिओथेरपिस्ट. मुलाने जिममधून आणलेला नवशिक्यांचा तक्ता मावशीच्या हातात आहे.)

मावशी : हे बघ, पोरानं आणून दिलंय. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, डोक्यावर दांडा उचलायचा, वर ते रोइंग. पाच-पाचचे पाच सेट म्हणे. मी म्हटलं, बाबा, माझा गुडघा दुखायलाय, हात वर जाईना, यातलं मला काय झेपणार? तर म्हणतो, मग नुसती चालत जा.

भाची : चालणं सोडू नकोसच. पण सपाट रस्त्यावर चालून मांडीत फारसं बळ येत नाही, आणि गुडघा सांभाळायचं काम मांडीचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काहीतरी करा. मधुमेह, रक्तदाबवाल्यांनाही तेच सांगितलंय आणि अपंगत्व असलेल्यांनाही.

मावशी : सांगायला काय जातंय! वजनं उचलणं हे धडधाकट माणसाचं काम.

भाची : मग हे सेट आले कुठून ते ऐक. १९४५ साल. शिकागोतलं लष्करी इस्पितळ जखमी सैनिकांनी भरलेलं. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची मांडी प्लॅस्टरमध्ये वाळून गेलेली. तेव्हाची रीत अशी, की दुखऱ्या पायाला हलकंसं वजन द्यायचं आणि खूप वेळा हलवायचं. माणसं महिनोन्‌महिने खाटेवर. तिथला डॉक्टर थॉमस डिलॉर्म स्वतः पोरवयात संधिवाताच्या तापानं अंथरुणाला खिळला होता आणि वजनं उचलून सुधारला होता. त्यानं सैनिकांना जड वजन दिलं, मोजून दहा वेळा उचलता येईल एवढं. आधी असे सात ते दहा सेट करून घ्यायचा. पुढं १९४८ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकारी वॉटकिन्सनं ते तीनवर आणले. पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज जिममध्ये आरशासमोर पोरं ‘तीन सेट, दहा रेप’ करतात ना, ते मुळात लंगडणाऱ्यांसाठी काढलेलं आहे.

मावशी : अगं बाई! मग हा तक्ता असाच करू म्हणतेस?

भाची : नको गं. त्यावरची नावं खोड आणि हालचाली तेवढ्या ठेव. बसून उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं. या चार गोष्टी तू घरात दिवसभर करतेसच. ज्या हालचालीत दुखतं ती टाकून द्यायची नाही, तिला सोपी करायची. किती खाली जायचं, किती वजन घ्यायचं, किती सावकाश करायचं, कशाला धरायचं, हे सगळं आपल्या हातात असतं. आता या दिवाणावर बस आणि हात न टेकवता ऊठ.

मावशी : (उठते) आई गं! सुरुवातीलाच कळ येते.

भाची : सुरुवातीलाच. म्हणजे वर येताना नाही, अगदी खाली असताना. ही उशी घे, हिच्यावर ही दुसरी. पाय थोडे मागं घे, नाक अंगठ्यांच्या पुढं येईपर्यंत झुक, मग ऊठ. आता?

मावशी : आता नाही दुखलं. थोडं चमकलं, बस.

भाची : झाला तुझा स्क्वॉट. उठताना नेहमीसारखं ऊठ, बसताना मात्र तीन आकडे मोजत बस. धपकन टेकू नको. सावकाश बसतानाही मांडीला काम पडतं. आठ-दहा वेळा, दोन मिनिटं विसावा, पुन्हा तेवढंच. दोन-तीन आठवड्यांनी एक उशी काढायची. जमिनीवरून उठायचं असेल तर तिथं आपण अशाच पायऱ्यांनी पोचणार, आधी दिवाण, मग छोटं स्टूल, मग पाट.

मावशी : पण झिजलेला गुडघा वापरून आणखी झिजणार नाही का? शेजारच्या वहिनी म्हणतात, जपून वापरावा.

भाची : वहिनींनी चार वर्षं जपला, आता त्यांना दोन पायऱ्यांना कठडा लागतो. सांध्याची झीज असताना मांडीचे व्यायाम हा उपचारातला पहिला भाग आहे, सगळे उपाय थकल्यावर करायचा शेवटचा नाही. दुखण्याला मोजमाप लाव. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकंच हवं. वाढलेलं असेल किंवा गुडघा सुजला असेल तर कालचं जास्त झालं. पुढच्या वेळी एक उशी वाढव. व्यायाम बंद करायचा नाही.

मावशी : बरं. आणि वाकून उचलायचं? मला डेडलिफ्टचं नाव ऐकूनच धडकी भरते.

भाची : मोरीतली बादली आण, रिकामी. आणि लिटरची बाटली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळं काटा लागत नाही. सहा बाटल्या ओत. आता बादली जमिनीवर नको, या स्टुलावर ठेव, म्हणजे तुला गुडघ्याइतकंच वाकावं लागेल. दोन्ही हातांत ताटं असली की फ्रीजचं दार कमरेनं मागं लोटतेस ना, तशी कंबर मागं ने. पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले. कडी धर आणि उभी राहा.

मावशी : हे तर हलकं आहे की!

भाची : हलकंच हवं पहिल्यांदा. दहा झाल्यावर आणखी दोन-तीन आरामात जमली असती असं वाटलं, तर पुढच्या खेपेला अर्धी बाटली वाढव. बऱ्याच जिममध्ये सगळ्यांत छोटी चकती सव्वा किलोची, आणि दांड्याला दोन्हीकडं लावायची म्हणजे एका उडीत अडीच किलो. नवशिक्या बाईला ती उडी मोठी होते, मग ती म्हणते मला जमत नाही. पाण्यात ती अडचण नाही. आणि ओतून द्यायचं नाही हं, आपल्याकडं नळ रोज येत नाही. झालं की तेच भांड्यांना वापर.

मावशी : मी श्वास कोंडून धरला होता, चालतं का?

भाची : तेच सांगणार होते. नको धरूस. १९८५ मध्ये कॅनडात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी ३२०/२५० भरला. ते तरणेबांड गडी होते आणि पुरं बळ लावत होते, पण धडा आपल्यालाही आहे. उचलताना मोठ्यानं आकडे मोज. बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. आणि बसल्या जागी बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी बादलीला हात लावायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

मावशी : खांद्याचं काय? केस बांधायला हात मागं जात नाही.

भाची : आखडलेला खांदा साखरवाल्यांना जास्त होतो, तू एकटी नाहीस. डोक्यावर उचलायचा प्रकार आपण काढून टाकू. ढकलायचंय ना, तर भिंतीपासून हातभर लांब उभी राहा, तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला, कोपरं बरगड्यांजवळ. छाती भिंतीकडं ने, मागं लोट. सोपं वाटलं की स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून कर. जितकी तिरपी होशील तितकं जड. ओढण्यासाठी खिडकीच्या पक्क्या गजाला पंचा अडकव, दोन्ही टोकं धर, जराशी मागं रेल आणि कोपरं मागं खेच. गज हलत नाही ना, ते आधी बघ. या दोन्हीत हात खांद्याच्या वर जात नाही.

मावशी : आणि डाव्यानं तेही नाही जमलं तर? एका हाताचा कसला आलाय व्यायाम!

भाची : उजव्याचा चालू ठेवायचा. येल विद्यापीठात १८९४ साली स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं, की एकाच हातानं सराव केला तरी दुसऱ्याचं बळ वाढतं. मेंदूकडून येणारा हुकूम सुधारतो, त्याचा वाटा दुसऱ्या बाजूलाही मिळतो. प्लॅस्टरमध्ये हात असलेल्यांना आम्ही आजही चांगल्या हाताचा व्यायाम देतो. आणि एका हाताचं म्हणशील तर आटपाडीजवळच्या करगणीचा सचिन खिलारी बघ. शाळेत असताना सायकलवरून पडून डावा हात अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उजव्या हातानं १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक आणलं. गोळाफेकीचं निम्मं बळ पायांत आणि कमरेत असतं, ते त्यानं कमावलं.

मावशी : मला कुठं पदक आणायचंय! श्रावणात शनिवारी भद्रा मारुतीला चालत जायचं, एवढंच. दौलताबादच्या घाटात दम लागतो आणि गुडघा बोलतो.

भाची : मग जिन्याची खालची पायरी घे. कठडा धरून चढायचं, आणि उतरताना दुखरा पाय पायरीवर ठेवून चांगला पाय सावकाश खाली टेकवायचा. हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आज नको.

मावशी : बागेत ती लोखंडी यंत्रं बसवलीत, तिथं जाऊ का? बायका सकाळी छान झुलत असतात.

भाची : झुलायचं यंत्र सांधे मोकळे करायला ठीक. बळ त्यानं येत नाही. वरून दांडा खाली ओढायचं यंत्र तर तुझ्या खांद्यासाठी नकोच. शिवाय तिथं वजन आपल्याच अंगाचं, कमी-जास्त करता येत नाही. खर्च झाला, फीत कापली, आणि नवशिक्याला ज्याची गरज होती तेच राहिलं.

मावशी : या वयात खरंच फरक पडतो? खरं सांग.

भाची : १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धांच्या संस्थेत नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. पुरा केलेल्यांच्या पायांतलं बळ सरासरी पावणेदोनशे टक्क्यांनी वाढलं. तू तर त्यांच्या लेकीच्या वयाची. सोमवार आणि गुरुवार धर. पाणी येतं तो दिवस त्यात आला तर पुढं ढकल, कारण त्या दिवशी तू बादल्या उचलतेसच. आणि जेवणात डाळ, ताक, अंडं वाढव. साठ किलोच्या बाईला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं लागतात, वाटीभर वरणातून सहा-सात मिळतात. चहा-पोळीवर स्नायू होत नाही.

मावशी : अंडं घरात चालत नाही, तुला माहीत आहे. मटकी करीन.

भाची : मटकी उत्तम. आता एक गंभीर बोलते. छातीत दडपण आलं, डोळ्यापुढं अंधारी आली, हाताला मुंग्या आल्या किंवा गुडघा गरम होऊन सुजला, तर थांबायचं आणि दाखवायचं. साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी व्यायाम नको. आणि डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला?

मावशी : चष्म्याचा नंबर काढला होता गेल्या दिवाळीत.

भाची : तो नव्हे. बाहुली मोठी करून पडदा बघतात तो. साखरेनं पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या फुटायला आल्या असतील तर जोर लावण्यानं रक्तस्राव होऊ शकतो. तो तपासल्याशिवाय बादली सहा लिटरच्या वर न्यायची नाही.

मावशी : घाटी इस्पितळात जायचं तर सकाळी लवकर निघावं लागतं, रांग असते.

भाची : बुधवारी मी रिकामी आहे, आपण दोघी जाऊ. तोवर दिवाणावरून उठणं सुरू कर, दोन उश्या ठेवून.