दुखणे थांबले म्हणजे बरे झाले का? – ड्रेसाजच्या घोड्याकडून एक धडा



आपल्या शाळेतील बऱ्याच मुलांची मूळ गावे धुळे, नंदुरबार, जळगाव या भागात आहेत. त्यामुळे सारंगखेड्याची यात्रा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. शहादा तालुक्यातील हे गाव तापीच्या काठी आहे. तीच तापी पुढे आपल्या सुरतेला येते. दत्तजयंतीला तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार भरतो. ढोलाच्या तालावर पाय उचलणारा घोडा पाहायला लोकांची झुंबड उडते.

घोड्याच्या चालीचे जे कौतुक आपल्याकडे यात्रेत होते, त्याचीच एक शिस्तबद्ध स्पर्धा जगात खेळली जाते. तिचे नाव ड्रेसाज. या अंकात त्या खेळाची ओळख करून घेऊ. परंतु मुख्य प्रश्न वेगळा आहे. अशा घोड्याला दुखापत झाली तर त्याला पुन्हा मैदानात कसे आणतात? या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या सर्वांच्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे.

ड्रेसाज म्हणजे काय?

ड्रेसाज हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ‘प्रशिक्षण’ असा आहे. 60 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद अशा आखलेल्या मैदानात घोडा व स्वार ठरलेल्या क्रमाने हालचाली करून दाखवतात. साधी चाल, दुडकी, संथ दौड, तिरके चालणे, जागच्या जागी दुडकी भरणे असे त्याचे प्रकार आहेत. परीक्षक प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण देतात आणि शेवटी त्यांची टक्केवारी काढतात. म्हणजे अगदी आपल्या परीक्षेसारखेच!

येथे वेगाला महत्त्व नाही. घोडा किती सहज, तोलात आणि आज्ञेत चालतो, हे पाहिले जाते. स्वाराने बसण्याची पद्धत, पायाचा हलका दाब आणि लगामाचा सूक्ष्म इशारा एवढ्यावरच घोड्याला सर्व काही कळले पाहिजे. पूर्वी आपल्याकडे घोडे शिकवून तयार करणाऱ्या माणसाला चाबुकस्वार म्हणत. नावात चाबूक असला तरी चांगल्या चाबुकस्वाराचे खरे साधन हात आणि धीर हेच असे.

1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून ड्रेसाजचा ऑलिंपिकमध्ये समावेश आहे. आपल्या देशासाठी या खेळातील सोन्याचा दिवस 26 सप्टेंबर 2023 हा होय. चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले. संघात कोलकात्याचा अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदीप्ती हजेला असे चौघे होते. सर्वोत्तम तिघांच्या गुणांची बेरीज धरली जाते. ती 209.205 भरली. घोडेस्वारीत भारताला 1982 नंतर, म्हणजे 41 वर्षांनी सुवर्ण मिळाले. पुढे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अनुष हा ड्रेसाजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

पाचशे किलोचा भार आणि चार दोऱ्या

असा घोडा साधारण 500 ते 600 किलो वजनाचा असतो. एवढा भार पेलणाऱ्या त्याच्या पायांची रचना विचार करण्यासारखी आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली जवळजवळ स्नायू नसतातच. तेथे हाडे असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या बळकट दोऱ्या असतात. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे कंडरा आणि हाडाला हाडाशी जोडणारी ती अस्थिबंध. पाय जमिनीवर टेकला की या दोऱ्या ताणल्या जातात आणि पाय उचलताना स्प्रिंगसारख्या मूळ जागी येतात.

ड्रेसाजमध्ये घोड्याला आपला भार मागच्या पायांवर घ्यायला शिकवतात, म्हणजे पुढचा भाग हलका होऊन चाल डौलदार दिसते. परंतु तीच हालचाल रोज, पुन्हा पुन्हा केल्याने मागच्या पायाच्या अस्थिबंधावर ताण येतो. एखाद्या दिवशी पाय चुकीचा पडतो, किंवा थकलेल्या घोड्याकडून जास्तीचे काम करून घेतले जाते, आणि त्या दोरीचे काही धागे तुटतात.

कंडरेत रक्ताचा पुरवठा कमी असतो, म्हणून ती फार हळू भरून येते. शिवाय जखमेच्या जागी जो नवा भाग तयार होतो, तो पहिल्याइतका लवचीक नसतो. फाटलेल्या कापडाला रफू केल्यावर जसे होते, तसेच. सुरतेत राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रफू कितीही सुरेख केला तरी कापड त्या जागी मूळच्यासारखे ताणत नाही.

सर्वांत फसवी वेळ

आता मुख्य मुद्दा नीट लक्षात घ्या. दुखापत झाल्यावर पायाला सूज येते, पाय गरम लागतो, घोडा लंगडतो. थंड पाण्याची धार, पट्टी, औषध आणि विश्रांती मिळाली की काही आठवड्यांत सूज उतरते आणि लंगडणे थांबते. घोडा तबेल्यात उड्या मारू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, झाला बरा!

परंतु आतली दोरी अजून कच्ची असते. या वेळी त्याला जोरात पळवले तर तीच जागा पुन्हा फाटते, आणि दुसऱ्यांदा फाटलेली जागा भरून येणे अधिक कठीण असते. कित्येक चांगल्या घोड्यांचे खेळाचे आयुष्य पहिल्या दुखापतीने नव्हे, तर घाईने संपते.

म्हणून जाणकार पशुवैद्य नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने सोनोग्राफी करून धागे किती भरले ते पाहतात आणि त्यानुसार पुढची पायरी ठरवतात. कंडरेची दुखापत असेल तर हा क्रम साधारण असा असतो :

1. पहिले काही आठवडे तबेल्यात विश्रांती. मात्र रोज दहा-पंधरा मिनिटे हाताने धरून सपाट, टणक जमिनीवर चालवणे. पूर्ण बसवून ठेवल्यास नवे धागे वेडेवाकडे वाढतात. थोडी हालचाल असली की ते सरळ रेषेत बसतात.
2. चालण्याची वेळ हळूहळू वाढवणे. नंतर पाठीवर स्वार घेऊन फक्त चालणे.
3. तीन-चार महिन्यांनंतर, तपासणी चांगली आली तर, पाच मिनिटे दुडकी. तीही सरळ रेषेत.
4. दुडकी जमल्यावर मोठी वर्तुळे. लहान वळणे नाहीत, कारण वळताना एकाच बाजूवर ताण येतो.
5. त्यानंतर दौड, आणि सर्वांत शेवटी ड्रेसाजच्या अवघड हालचाली.

हे सर्व व्हायला बहुधा नऊ महिने ते एक वर्ष लागते, कधी त्याहूनही जास्त. एखाद्या पायरीवर पाय गरम लागला तर मागच्या पायरीवर परत यावे लागते. यात कमीपणा नाही. हाही उपचाराचाच भाग आहे.

दुसरीही काळजी असते. एक पाय दुखत असेल तर घोडा दुसऱ्या पायावर भार टाकतो आणि त्या चांगल्या पायाच्या खुराला आतून सूज येऊ शकते. म्हणून मोतद्दार दररोज चारही पायांवरून हात फिरवतो. घोडा बोलत नाही. हाताला लागणारी ऊब आणि चालीतला फरक हीच त्याची भाषा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली घेतो. पाहणाऱ्याला हे वाचता आले पाहिजे.

मेडिकॉटचे पुनरागमन

आता एक खरे उदाहरण पाहू. बंगळुरूचा घोडेस्वार फवाद मिर्झा याने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ‘सेन्योर मेडिकॉट’ या घोड्यावर दोन रौप्यपदके मिळवली, एक वैयक्तिक आणि एक संघाचे. त्याचा खेळ इव्हेंटिंग. यात ड्रेसाज, रानातील अडथळ्यांची दौड आणि उड्या अशा तीन परीक्षा असतात आणि सुरुवात ड्रेसाजने होते.

जकार्तानंतर मेडिकॉट जखमी झाला आणि बराच काळ स्पर्धेबाहेर राहिला. समोर टोकियो ऑलिंपिक होते. अशा वेळी मोह किती होत असेल, कल्पना करा. परंतु मेडिकॉटला त्याचा वेळ दिला गेला. फवादने 2019 मध्ये दुसऱ्या घोड्यांवर स्पर्धा खेळून ऑलिंपिकची पात्रता मिळवली. मेडिकॉट पूर्ण बरा झाल्यावर, 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तोच फवादसोबत उतरला. तेव्हा त्याचे वय 15 वर्षांचे होते. ड्रेसाजनंतर ही जोडी नवव्या स्थानावर होती आणि अखेरीस अंतिम फेरी गाठून 23 वी आली. पदक मिळाले नाही. तरीही दुखापतीतून उठलेल्या घोड्याने जगातील निवडक जोड्यांबरोबर शेवटपर्यंत टिकून राहावे, हे मोठेच यश आहे.

नियम कोणासाठी?

या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम कडक आहेत. वेदना दडपणारे औषध देऊन घोड्याला स्पर्धेत उतरवता येत नाही. इव्हेंटिंगमध्ये पशुवैद्य व परीक्षकांसमोर घोड्याला पळवून दाखवावे लागते. लंगडला तर स्पर्धा संपली. हांगझोऊमध्येच याचा अनुभव आला. सांघिक सुवर्णानंतर हृदय छेडा आपल्या ‘एमेराल्ड’ घोड्यासह वैयक्तिक पात्रता फेरीत पहिला आला होता. परंतु अंतिम फेरीत घोड्याच्या पायावर रक्त दिसल्यामुळे ही जोडी बाद ठरली. पदक हाताशी होते. तरी नियमाने आधी घोड्याचा विचार केला. त्याच फेरीत अनुषला कांस्यपदक मिळाले.

जनावराची काळजी ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही. 1674 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणावैरण बेताने वापरा, नाहीतर पुढे घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. राज्याभिषेकाची तयारी चालू असताना राजाचे लक्ष विश्रांती घेणाऱ्या घोड्यांच्या दाण्याकडे होते!

आपण काय शिकावे?

दरवर्षी पावसाळ्यानंतर आपल्या शाळेतही डेंग्यू, टायफॉईडमधून उठलेली मुले परत येतात. कोणाचा हात मोडलेला असतो. ताप उतरला की घरचे म्हणतात, राहिलेला सर्व अभ्यास या आठवड्यात संपव. प्लास्टर निघाले की मुलगा दुसऱ्या दिवशी कबड्डीला उभा राहतो. अशा वेळी वरील पाच पायऱ्या आठवा. पहिल्या दिवशी एक विषय, नंतर दोन. आधी मैदानाला फेरी, मग धावणे, मग सामना.

पालकांनाही एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे घर रोजंदारीवर चालते. लूमवर हाताला लागले तरी चौथ्या दिवशी खात्यात जावे लागते, हे मला माहीत आहे. प्रत्येकाला वर्षभराची विश्रांती परवडत नाही. परंतु मुलांच्या बाबतीत तरी एवढे करता येईल, की डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण होऊ द्यावेत आणि मूल ‘दुखतंय’ म्हणाले तर त्याला बहाणा समजू नये. घोड्याला बोलता येत नाही, म्हणून माणसे त्याचे पाय चाचपून पाहतात. आपल्या मुलांना तर बोलता येते.

स्वाध्याय

1. कंडरा आणि अस्थिबंध यांतील फरक सांगा.
2. लंगडणे थांबले तरी घोड्याला लगेच का पळवत नाहीत?
3. पूर्ण विश्रांतीपेक्षा थोडे चालवणे का हितकारक असते?
4. दिव्यकृती 68.176, हृदय 69.941 आणि अनुष 71.088 : या गुणांची बेरीज करून पाहा. उत्तर पाठात आहे.
5. आजारपणानंतर शाळेत परतलेल्या आपल्या वर्गमित्रासाठी दोन आठवड्यांचे अभ्यासाचे वेळापत्रक तयार करा व वर्गशिक्षकांना दाखवा.