सावडीची गाडी

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. हिंजवडीला रोज एकटी जाते, गाडीत चार जागा रिकाम्या असतात, कुणी येणार का? सतरा अंगठे आले आणि मंगळवारी गेटवर एक माणूस नव्हता." तुझा आवाज इतका उतरला होता की तेव्हा काही बोलले नाही. आज सविस्तर लिहिते.

अगं, मनाला लावून घेऊ नकोस. ग्रुपवर विचारलेला प्रश्न कुणा एकाचा नसतो, म्हणून उत्तरही कुणी देत नाही. मीही आठ वर्षांपूर्वी असंच केलं होतं. लिफ्टशेजारी कागद लावला, पेट्रोलचा हिशेब मांडला, प्रदूषणावर दोन ओळी लिहिल्या. लोकांनी वाचला, कौतुकही केलं. पंधरा दिवसांनी तो कागद मीच काढला.

नंतर हळूहळू लक्षात आलं की पैसे वाचवायला कुणाची ना नसते, पण मिंधं व्हायला कुणी तयार नसतं. शेजारणीच्या गाडीत रोज बसायचं म्हणजे तिच्या वेळेला बांधलं जायचं, तिचा मूड सांभाळायचा आणि उद्या तिने काही मागितलं तर नाही म्हणता यायचं नाही. हे ओझं तीनशे रुपयांच्या पेट्रोलपेक्षा जड असतं. तू "या, माझ्या गाडीत जागा आहे" म्हणतेस तेव्हा समोरच्याला ते ओझं आधी दिसतं.

आजोळची सावड आठवते का तुला? आजोबांकडे एक बैल, बांधापलीकडच्यांकडे एक. दोघांची मिळून जोडी व्हायची. आज आपलं रान, उद्या त्यांचं. भाडं कुणी मागत नव्हतं आणि उपकारही कुणाचे नव्हते, कारण फेड दुसऱ्याच दिवशी व्हायची. इर्जिक वेगळी. तिथे सगळी आळी एका दिवसासाठी औतं घेऊन यायची, घरधनी जेवू घालायचा आणि विषय संपायचा. रोजच्या कामाला इर्जिक पुरत नाही, सावडच लागते. तू लोकांना इर्जिकेचं आमंत्रण दिलंस. आता सावड मागून बघ.

म्हणजे काय, तर जागा देऊ करू नकोस, आधी जागा माग. वरच्या मजल्यावरची ती, जिचं ऑफिस फेज दोनमध्येच आहे, तिला म्हण, "बुधवारी तुझ्या गाडीतून येऊ का गं? गुरुवारी तू माझ्या गाडीतून चल." एवढंच. महिन्याचं बोलू नकोस, नियम सांगू नकोस. दोन दिवसांना माणूस सहज हो म्हणतो. आणि पहिला हात तिने दिलेला असला की गुरुवारी तुझ्या गाडीत बसताना तिला संकोच वाटत नाही.

माझी पहिली सोबतीण अशीच मिळाली. आठ वाजून दहा मिनिटांनी वॉचमनच्या खुर्चीपाशी उभी होती, दोन्ही हातांनी डब्याची पिशवी पोटाशी धरून. कोथरूड सुटलं, चांदणी चौक गेला, बावधन आलं, तरी आम्ही दोघी गप्प. वाकडच्या अलीकडे गाड्या जागच्या जागी थांबल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, "सकाळी खायला वेळच मिळाला नाही, गाडीत खाल्लं तर चालेल?" डबा उघडला. फोडणीची पोळी होती. झाकणात अर्धी काढून तिने माझ्यासमोर धरली, आणि समोरचा ट्रक हलेपर्यंत आम्ही दोघींनी ती संपवली. त्या दिवसानंतर मला तिला समजवावं लागलं नाही.

पैशांचं मात्र पहिल्याच आठवड्यात बोलून घे. मी बोलले नव्हते, आणि आमचा तिसरा सोबती त्यामुळे तुटला. तो रोज सुटे पैसे डॅशबोर्डवर ठेवायचा, मी संकोचाने "राहू द्या" म्हणायचे. महिन्याभराने त्याला वाटलं की मला ते कमी पडतात, आणि मला वाटलं की तो मला रिक्षावाली समजतो. दोघांचंही चुकलं नव्हतं, बोलणंच झालं नव्हतं. तू साधा हिशेब कर: जाऊन येऊन चाळीस किलोमीटर, त्या गर्दीत लिटरला तेरा धर, म्हणजे तीन लिटर. लिटरचा भाव शंभराच्या वर, म्हणजे दिवसाला तीनशेच्या पुढे. दोघींनी आळीपाळीने गाडी काढली तर पैशाला हात लावायचीच गरज नाही. आमच्या गाडीच्या खणात एक छोटी वही असते, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. तारीख आणि कुणाची गाडी, बस. वही असली की लक्षात ठेवावं लागत नाही, आणि लक्षात ठेवावं लागलं नाही की मनात साचत नाही.

ज्याच्याकडे गाडी नाही त्याने आठवड्यातून एकदा टाकी भरताना आपला वाटा द्यावा. पण खर्चापुरताच घे, वर एक रुपयाही नको. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायची नसते, त्यासाठी पिवळी पाटी आणि परवाना लागतो. भाडं घेत होतात असं दिसलं तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी दावा नाकारू शकते. ही गोष्ट सोबत्यांनाही सांग. आपण व्यवहार स्वच्छ ठेवतोय हे कळलं की विश्वास बसतो.

वेळेचं सांगते. तीन मिनिटं थांबायचं, मग निघायचं, आणि मागे राहिलेल्याने रागवायचं नाही. हे आधी ठरलं तरच निभावतं. परतीचं बंधन कुणावर ठेवू नकोस. संध्याकाळची मीटिंग लांबते, मुलाला ताप येतो. सकाळी एकत्र, संध्याकाळी जमलं तर एकत्र, नाहीतर बस आहे, रिक्षा आहे. हो म्हणायला कचरणारी निम्मी माणसं या एका सवलतीने मोकळी होतात. आणि गाडीत गप्प बसायची मुभा दे. कितीतरी बायांना दिवसभरात तेवढाच तास स्वतःचा मिळतो. कानात गाणी घालून डोळे मिटले म्हणजे ती रुसली असं धरू नकोस.

एखादे काका किंवा कुणाचा नवरा येणार असेल तर त्यांच्या घरी चहाला जा, बायकोशी बोल, आणि पहिले काही दिवस तिसरं माणूस गाडीत असू दे. लोक काय म्हणतील म्हणून सांगत नाही, तुला स्वतःला निर्धास्त वाटलं पाहिजे म्हणून सांगते. एकदा जरी अवघडल्यासारखं झालं तर दुसऱ्या दिवशी कारण न देता थांबव. तेवढा हक्क तुझा आहे.

तू विचारशील, एवढा खटाटोप कशाला? २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडला, ती रात्र आठवते ना? पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल सुरू झाला. आपल्याला वाटलं होतं, सुटलो. चौक खरंच मोकळा झाला, पण वाकडच्या भूमकर चौकात आपण आजही तसेच उभे असतो, आणि डावीउजवीकडे बघितलं तर बहुतेक गाड्यांत एकटाच माणूस. रस्ता कितीही रुंद केला तरी ही मागची रिकामी सीट आपल्यालाच भरायची आहे. मला हे मनापासून वाटतं गं. तुझी दीड तासाची सकाळ अशी वाया जाताना बघवत नाही.

आणखी एक, हे विसरू नकोस. आज संध्याकाळी मागची सीट रिकामी कर. छत्र्या, जिमची पिशवी, ते जुने कुरिअरचे खोके. मग सीटच्या फटीत हात घालून बेल्टची कुलपं वर काढ. आपल्याकडे सीटकव्हर चढवताना ती खाली दडपली जातात आणि वर्षानुवर्षं कुणाला सापडत नाहीत. मागे बसणाऱ्याने बेल्ट लावला नाही तर दंड आहे, पण मी दंडासाठी म्हणत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसले होते. शेजारणीची लेक संध्याकाळी आईची वाट बघत असते. बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

हे झालं की वरच्या मजल्यावरच्या तिच्याकडे जा. तिचा कोथिंबीरवड्यांचा डबा अजून तुझ्या ओट्यावरच आहे ना? रिकामा देऊ नकोस, चार लाडू घाल. आणि दारातच विचार, "बुधवारी किती वाजता निघतेस?"