पडद्यावरची तार : क्ष-किरणांच्या चलच्चित्रातील उपकरणांचा मागोवा

कॅथलॅबच्या दाराबाहेर बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला एकदा विचारले, "साहेब, छाती तर उघडत नाहीत, मग नळी हृदयापाशी पोहोचली हे डॉक्टरांना कळते कसे?" मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यांचे समाधान होईल असे उत्तर मला देता आले नाही. पुढे आमच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या अनुमतीने शिशाच्या काचेमागे उभे राहून काही उपचार पाहिले व तंत्रज्ञांकडून शंका निरसून घेतल्या. जे उमगले ते देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यापुढे ठेवीत आहे.

थोडा पूर्वेतिहास

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि ती तेथे पोहोचल्याचा पुरावा म्हणून क्ष-किरण चित्र काढून घेतले. १९५६ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान विभागून मिळाला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या रोहिणीतील अडथळा फुग्याने दूर करण्याची पहिली अँजिओप्लास्टी केली. दोन्ही प्रसंगी हात माणसाचा होता, दृष्टी मात्र क्ष-किरणांची होती.

पाहणे कठीण का?

हृदयाची मुख्य रोहिणी साधारण ३ मिलिमीटर रुंद असते. तीतून जाणारी तार ०.०१४ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश जाडीची. तारेचे टोक जड धातूचे असल्याने पडद्यावर दिसते. रोहिणी मात्र दिसत नाही. आयोडीनयुक्त द्रव सोडल्यावर ती काही क्षण उमटते आणि द्रव वाहून गेला की पुन्हा अदृश्य होते. त्यात हृदय धडधडत असते, श्वासाबरोबर छाती हलत असते. शिवाय हे चित्र म्हणजे सावली. पुढचे आणि मागचे एकाच पातळीवर दिसते. म्हणून यंत्राची कमान फिरवून निरनिराळ्या कोनांतून पाहावे लागते.

यात चूक परवडणारी नसते. डॉक्टरांचे लक्ष फुग्यावर असताना तारेचे टोक नकळत पुढे सरकून एखाद्या सूक्ष्म शाखेला छिद्र पाडू शकते. हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचले, तर प्राणावर बेतते.

जमा आणि खर्च

चित्र स्वच्छ हवे तर किरण अधिक लागतात. किरण कमी केले तर चित्र दाणेदार होते. दीर्घकाळ चाललेल्या उपचारांत त्वचा भाजल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ साली डॉक्टरांना सावध केले होते. म्हणून किरण अखंड न सोडता स्पंदांनी सोडतात. सेकंदाला १५ ऐवजी साडेसात चित्रे घेतली तर किरणांची मात्रा घटते, पण हालचाल तुटक दिसते. चौकट लहान केली तरी मात्रा घटते, पण तारेचे टोक चौकटीबाहेर जाण्याचा धोका असतो. प्रत्येक बचतीची काही किंमत असतेच.

संगणकाचे साह्य

येथे संगणक उपयोगी पडतो. स्टेंटच्या फुग्यावर धातूच्या दोन खुणा असतात. संगणक प्रत्येक चित्रात त्या शोधतो आणि खुणांवर खुणा येतील अशी सर्व चित्रे जुळवितो. स्टेंटच्या रेषा दर वेळी त्याच जागी येत असल्याने ठळक होतात. विस्कळीत दाणे पुसट होतात. अनेक वह्या ताडून पाहिल्या की खरी नोंद टिकते आणि चुकून पडलेला शाईचा डाग वेगळा ओळखू येतो, तसेच हे. स्टेंट पुरता उघडला आहे की नाही, हे यातून अधिक नीट कळते. अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये पुढे गुठळी होण्याचा संभव वाढतो.

तारेचा मागोवा घेणे याहून अवघड. बरगडीची कड, ई.सी.जी.च्या वायरी, पूर्वीच्या बायपासमधील धातूचे टाके हे सारे तारेसारखेच दिसते. तज्ज्ञांनी हाताने खुणा केलेल्या असंख्य चित्रांवरून संगणकाला आता हा भेद शिकविला जातो. तरीही तो फसू शकतो; अखेरचा निर्णय डॉक्टरांच्या नजरेचाच.

आपला वाटा

आप्तेष्टांना विनंती, की रुग्णाच्या पूर्वीच्या अँजिओग्राफी, मूत्रपिंडाचा विकार, औषधांची अ‍ॅलर्जी किंवा गर्भारपण यांची माहिती उपचारापूर्वीच द्यावी. श्वास रोखण्याची सूचना रुग्णाने पाळली तर चित्र स्थिर मिळते. उपचार लांबला असेल, तर पुढील काही आठवडे पाठीच्या त्वचेवर लाली येते का ते पाहावे आणि आढळल्यास आम्हास कळवावे.

देणगीदारांस एवढेच सांगावेसे वाटते, की नव्या यंत्रावर नावाची पाटी लागते. त्याच्या वार्षिक देखभालीवर, शिशाच्या अ‍ॅप्रनवर, मात्रा मोजणाऱ्या बिल्ल्यांवर आणि तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणावर ती लागत नाही. परंतु पडद्यावरची ती बारीक तार कमीत कमी किरणांत स्पष्ट दिसावी, हे याच खर्चावर अवलंबून आहे. ते गृहस्थ पुन्हा भेटले, तर आता मी त्यांना शांतपणे उत्तर देऊ शकेन.